वाळणे आणि वाळत राहणे

मराठीत पाणी नाहीसे होण्याला जितकी क्रियापदे आहेत, तितकी ते येण्याला नसावीत. विहीर आटते, कपडा वाळतो, झाड सुकते, ढग विरतो, पूर ओसरतो, पाणी जमिनीत मुरते अथवा जिरते, आणि उघड्यावर ठेवलेले पाणी नुसतेच उडून जाते. यांतली मुरण्या-जिरण्याची क्रियापदे वगळली, तर इतरांपैकी पुष्कळांवर हानीची छाया पडलेली दिसते. घसा सुकतो, चेहरा सुकतो, दुभते जनावर आटते. जिथे पाणी जाणे आपल्याला हवेच असते, तिथेही आपली दृष्टी मागे उरणाऱ्या वस्तूवर खिळलेली असते. वाळवण म्हटले की डोळ्यांपुढे पापड, कुरडया, सांडगे येतात. मिठागर म्हटले की मिठाच्या राशी. वर गेलेल्या पाण्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. शालेय पुस्तकाने त्या क्रियेला ‘बाष्पीभवन’ असे भारदस्त नाव दिले, जलचक्राच्या आकृतीत वर जाणारा एक बाण काढला आणि विषय संपवला.

संस्कृत काव्यपरंपरेने या बाणाची थोडी अधिक दखल घेतली आहे हे मान्य करायला हवे. ‘रघुवंशा’च्या पहिल्याच सर्गात दिलीप राजाच्या करवसुलीला सूर्याच्या उदकग्रहणाची उपमा दिलेली आहे, घेतलेले अनेक पटींनी परत करण्यासाठीच घ्यायचे, हा तिचा आशय. पण तिथेही मोल आहे ते परत येणाऱ्या पावसाला. पाणी वर जात असताना, त्या जाण्यातच, काही घडत असेल असे कवीला वाटले नाही, आणि वाटण्याचे कारणही नव्हते.

ते घडते, असे अलीकडचे विज्ञान सांगते. २०१९ साली खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी ‘नॅनो लेटर्स’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. ओल्या सुती कापडातून पाणी वर चढते आणि उन्हावाऱ्याने उडून जाते, तेव्हा कापडाच्या दोन टोकांमध्ये विजेचा अल्पसा दाब निर्माण होतो, हे त्यांनी दाखवले. प्रयोगशाळेपुरते हे ठेवून ते थांबले नाहीत. एका दूरच्या खेड्यात धोब्यांनी वाळत घातलेले सुमारे ५० कपडे त्यांनी तारांनी जोडले आणि त्यांतली वीज एका महाधारित्रात, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या उपकरणात, गोळा केली. जवळपास २४ तासांत तिथे सुमारे १० व्होल्ट जमले आणि त्यावर एक पांढरा एलईडी दिवा तासाभराहून अधिक काळ जळला.

आम्ही दोघी मराठीच्या प्राध्यापिका. विद्युत्शास्त्राशी आमचा संबंध महिन्याच्या बिलापुरता. तरीही ही वार्ता आम्हाला सोडवत नव्हती, म्हणून भौतिकशास्त्र विभागातल्या एका सहकाऱ्यांना गाठून आम्ही तिची फोड करून घेतली. ती आमच्या शब्दांत अशी.

कापसाचा धागा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो असंख्य अरुंद वाटांचा जुडगा असतो. या वाटांच्या भिंतींना पाणी लागले की त्यांच्यावर किंचित ऋण विद्युत्भार येतो. त्या भाराच्या ओढीने पाण्यातले धन भाराचे कण भिंतीलगत जमतात. रुंद नळात याचा काहीच परिणाम जाणवणार नाही, कारण तिथे भिंतीपासून दूर असलेले पाणीच फार. पण वाट अतिशय अरुंद असेल तर सगळेच पाणी भिंतीलगतचे होते. हमरस्त्याने मिरवणूक निघाली तर घरांच्या ओसऱ्यांवर उभे असणाऱ्यांशी फार थोड्यांची गाठ पडते. तीच मिरवणूक बोळात शिरली की प्रत्येकाचा खांदा भिंतीला घासतो. असे हे धन भाराने भरलेले पाणी वर वर सरकत राहिले, की एका टोकाला भार साचतो आणि दोन टोकांत दाबाचा फरक पडतो. पाण्याला वर ओढते कोण? आधी धाग्यांतली केशाकर्षणाची ओढ. पण ती कापड भिजले की थांबेल. पुढे ओढत राहण्याचे काम वरच्या टोकाला पाणी उडून जाण्याने होते. जागा रिकामी होते, म्हणून खालचे पाणी तिथे येते. या साऱ्याच्या मागे असतो तो सूर्य, आणि त्याने तापवलेली, कोरडी केलेली हवा.

यात मुळातली कल्पना नवी नाही, ही गोष्ट आम्हाला विशेष रोचक वाटली. मॉस्कोमध्ये रॉइस नावाच्या शास्त्रज्ञाने १८०७ साली ओल्या मातीतून विजेचा प्रवाह सोडला आणि मातीतले पाणी एका बाजूला सरकते असे पाहिले. १८५९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ क्विंके याने नेमकी उलट वाट धरली: सच्छिद्र मातीतून पाणी दाबाने ढकलले, तर वीज उत्पन्न होते. भाजलेली माती, तिची सूक्ष्म छिद्रे आणि त्यांतून पाझरणारे पाणी, एवढीच ती सामग्री. आपल्याकडे ती प्रत्येक स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिवईवर बसलेली होती. माठाच्या अंगातून पाणी झिरपते, बाहेर येऊन उडते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते, एवढे आपल्या आज्यांना ठाऊक होते, आणि त्या ज्ञानावर शतकानुशतकांचे उन्हाळे निभावले. (बिनडोक माणसाला ‘माठ’ म्हणण्याची रूढी कोणी पाडली कोण जाणे, त्याने माठाचे पाणी प्यालेले नसावे.)

मग नवे काय? नवे ते ढकलणारा हात काढून टाकण्यात आहे. क्विंकेला पाणी दाबाने ढकलावे लागे. २०१७ मध्ये चीनमधील वुहान आणि नानजिंग येथील संशोधकांनी ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’त जो निबंध लिहिला, त्यात पाणी ढकलण्याचे काम संपूर्णपणे बाष्पीभवनावर सोपवले होते. त्यांनी वापरलेला पदार्थ होता काजळीचा थर. काही सेंटिमीटरचा तो तुकडा पाण्यात अर्धवट उभा केला, की नेहमीच्या हवेत, बाहेरून काही न देता, एक व्होल्टपर्यंतचा दाब टिकून राहत असे. दिव्याच्या काचेवर काजळी धरली की ती पुसावी हा संस्कार. इथे काजळीच दिव्याच्या कामी आली. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, या साऱ्या शाखेला ‘हायड्रोव्होल्टाइक’ असे नाव मिळाले. या नावाकडे आम्ही पुढे येऊच.

आता व्याकरणाचा मुद्दा, ज्यासाठी वस्तुतः हे लिहायला घेतले. ‘कपडा वाळला’ आणि ‘कपडा वाळत आहे’ या दोहोंत आपण काळाचा नव्हे, क्रियेच्या पूर्णतेचा भेद करतो. सर्वसामान्य माणूस कपडा वाळत घालतो तो वाळावा म्हणून; अपूर्ण रूप हे पूर्ण रूपाकडे जाणारी वाट असते. या विजेचे तसे नाही. कपडा वाळला की पाणी संपले, पाणी संपले की ओढ संपली, आणि दिवा विझला. तिला हवा असतो सदैव वाळत असणारा आणि कधीच न वाळणारा कपडा. खालचे टोक पाण्यात, वरचे उन्हात. शाळेत ज्याला रीतिवर्तमान म्हणतात आणि ज्याची उदाहरणे देताना विद्यार्थी नेहमी गडबडतात, त्या ‘वाळत असतो’ या रूपाइतके अचूक वर्णन या यंत्राचे दुसरे होणार नाही. निसर्गात याचा आदर्श झाड आहे. पानांतून पाणी उडत असते, मुळांतून चढत असते. उंच वृक्षाच्या शेंड्याला पाणी पोचते ते कोणत्याही पंपावाचून, पानांच्या या अखंड वाळण्यावर. आणि झाड ‘वाळले’ असे आपण म्हणतो तेव्हा ते मेलेले असते.

सहकाऱ्यांनी दिलेली आकडेवारी इथे मांडणे आवश्यक आहे, कारण या विषयावरच्या बातम्या व्होल्टवर थांबतात आणि वॅटपर्यंत जात नाहीत. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते. विजेच्या बिलाच्या भाषेत हे एका युनिटाचे दोन-तृतीयांश. म्हणजे ५० कपड्यांतून प्रत्येकी पाव लिटर पाणी उडाले असे धरले, तर सूर्य आणि हवा यांनी मिळून साडेआठ युनिटांच्या आसपास उष्णता खर्च केली. आणि हाती लागले काय? एक साधा सुटा एलईडी तासभर जळायला युनिटाचा दहा-हजारावा भागही लागत नाही. हा आकडा ऐकून आम्ही गप्पच झालो. सहकारी मात्र शांत होते. ती सगळी उष्णता वीज होऊ शकेल अशी अपेक्षाच चुकीची, असे त्यांचे म्हणणे. ती वाफेबरोबर जाते आणि वाफेचे पुन्हा पाणी होताना आकाशात कुठेतरी मोकळी होते. त्यातून काम करून घेता येते ते हवा किती कोरडी आहे त्यावर. हवेत ५० टक्के आर्द्रता असेल तर आदर्श यंत्रालाही लिटरमागे सुमारे ९५ हजार ज्यूलच मिळतील, म्हणजे खर्चलेल्या उष्णतेचा पंचविसावा हिस्सा. आषाढातल्या कोकणात, जिथे दोरीवरचा टॉवेल चार दिवस दमटच राहतो, तिथे शून्याच्या जवळ. उलट वैशाखातल्या विदर्भात हवा कोरडी आणि वाळणे झपाट्याचे. पण तिथे एवढे ऊन असते की साधे सौरपटल भर दुपारी चौरस मीटरमागे दोनशे वॅट देऊन जाते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे सिलिकॉनच्या सूक्ष्म खांबांवर जे उपकरण अलीकडे तयार झाले, त्याचे उत्पादन चौरस मीटरमागे सुमारे पाव वॅट आहे, आणि ते या क्षेत्रात चांगले मानले जाते.

त्या लोझानच्या कामातली एक गोष्ट आम्हाला आकड्याहून मोलाची वाटली. ऊन पडले की वीज वाढते याचे कारण केवळ बाष्पीभवन वाढते हे नाही; उष्णता आणि प्रकाश यांनी भिंतीवरचा भारच बदलतो, असे त्यांनी दाखवले. सूर्य फक्त वरून पाणी ओढत नाही, बोळाच्या भिंतींनाही हात घालतो. शिवाय आपल्या नळाला येते तेवढ्या क्षारांच्या पाण्यावरही असे उपकरण चालू शकते, हेही तिथे दिसले. एरवी पाण्यात मीठ वाढले की भिंतीचा प्रभाव दबून जातो आणि हा खेळ मंदावतो, अशी समजूत होती.

यंदा पदव्युत्तर वर्गाच्या अनुवादाच्या तासाला आम्ही खरगपूरच्या प्रयोगाची इंग्रजी बातमी दिली. हेतू साधा होता: विज्ञानवार्तेचे मराठी रूप कसे असावे. जे हाती आले त्यात ‘क्रांती’ हा शब्द बहुतेकांच्या पहिल्याच परिच्छेदात होता. एकाने शीर्षक दिले होते, ‘ओल्या कपड्यांवर उजळणार गाव’. एका दिव्याचे गाव कसे झाले, असे विचारले तर उत्तर आले, की बातमीत ‘दुर्गम खेड्यांना उपयोग’ असे आहेच ना. इंग्रजीतल्या शक्यतादर्शक क्रियापदाचा मराठीत येता येता भविष्यकाळ झाला होता. हे भाषांतर करणाऱ्याचे अज्ञान नव्हे. आपल्या वृत्तपत्रीय मराठीला ‘होऊ शकेल’ हे रूप पुरेसे जोरकस वाटत नाही, तिला ‘होणार’ लागते. ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्ययही असेच गळते. एक व्होल्टपर्यंतचा दाब हा एक व्होल्टचा दाब होतो.

चर्चा या वळणावर असताना मागच्या बाकावरची एक मुलगी बोलली. तिच्या घरी पिढीजात परीटकाम. वडिलांचे इस्त्रीचे दुकान आहे. ती म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे कपडा जितका लवकर वाळेल तितका चांगला. चोवीस तास ओला ठेवायचा म्हटलं तर गिऱ्हाईक राहील का? पावसाळ्यात तर आम्ही खोलीत दोऱ्या बांधून पंखे लावतो. वाळवायलाच वीज जाते आमची.”

प्रयोगाचा एवढा नेमका अभिप्राय आम्हाला कुठेच वाचायला मिळाला नव्हता. परटाचे सारे कसब पूर्ण रूपात आहे: धुतले, पिळले, वाळले, घडी झाली. ‘परीटघडी’ हा शब्दच त्या पूर्णतेचा. यंत्राला हवे असते अपूर्ण रूप. त्या खेड्यात दोघे एका दोरीवर तासचे तास एकत्र आले, पण एकाचा हेतू दुसऱ्याच्या शेवटाशी संपत होता. अर्थात यावर तोडगे आहेत. विक्रीच्या वा अंगावरच्या कपड्याऐवजी कायमचे एक कापड पाण्यात टोक बुडवून टांगून ठेवावे. धोब्याची मग गरज उरत नाही. पण तसे झाले की फुकट वाटणारी गोष्ट फुकट राहत नाही. कापड लागते, पाणी लागते, ते उडून जाते म्हणून पुन्हा भरावे लागते. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे पाणी उडवून दिवा लावा असे सुचवायला धाष्ट्र्य हवे.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये याच्या उलट बाजूने विचार केला होता. त्यांची पद्धत वेगळी, दमट-कोरड्या हवेत फुगणाऱ्या-आकसणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंवर चालणारी. पण प्रश्न तोच. पाणी तसेही तलावांवरून उडतेच आहे, तर तलावच झाकून त्या उडण्यातून काम का घेऊ नये? अमेरिकेतल्या तलावांवर आणि जलाशयांवर, ‘ग्रेट लेक्स’ वगळून, ३२५ गिगावॅटपर्यंत वीज मिळू शकेल आणि पाण्याचा बराच ऱ्हासही टळेल, असा त्यांचा अंदाज होता. अंदाज कागदावरचा आहे, सगळे पाणी झाकले असे धरून केलेला. पैठणच्या नाथसागरासारख्या उथळ, पसरट जलाशयातून दर उन्हाळ्यात किती पाणी उडाले याच्या बातम्या आपण वाचतो, तेव्हा मोह होतो. मात्र तो जलाशय पक्षी अभयारण्यही आहे, आणि त्यावर मासेमारी करणारी कुटुंबे आहेत.

हे आठवण्याचे कारण, पाण्यापासून वीज मिळवण्याचा महाराष्ट्राचा अनुभव शंभर वर्षांहून जुना आहे. खोपोलीचे टाटांचे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेल्या पाण्याने मुंबईच्या गिरण्या चालल्या. ते पाणीही सूर्यानेच समुद्रातून उचलून डोंगरावर ठेवलेले. आपण फक्त त्याचे पडणे विकत घेतले. त्या पडण्याची किंमत १९२१ मध्ये मुळशीत दिसली. धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी मावळचे शेतकरी सत्याग्रहाला बसले, आणि त्या लढ्याने बापटांना ‘सेनापती’ केले. धरण झालेच. पुढे कोयनेचेही झाले. पडणारे पाणी उंचावर साठवावे लागते, साठवायला दरी लागते, आणि दरीत माणसे राहत असतात. चढणाऱ्या पाण्याला दरी लागत नाही. ते इतके कमी देते हे खरेच. पण त्याने अद्याप कोणाला उठवलेलेही नाही. दोन्ही वाक्ये एकदम ध्यानात ठेवणे जमले तर या विषयावर बरे लिहिता येईल, असे आम्ही वर्गाला सांगितले.

नावाचा प्रश्न त्यातूनच निघाला. ‘हायड्रोव्होल्टाइक’ला मराठीत काय म्हणावे? ‘जलविद्युत’ हा शब्द धरणांनी कधीच घेऊन टाकला आहे, आणि तो परत मिळणार नाही. ‘बाष्पविद्युत’ म्हणावे तर वाफेवर चालणाऱ्या औष्णिक केंद्राचा भास होतो. एकाने ‘ओलवीज’ सुचवले. आम्हाला ते आवडले होते. मराठी ‘ओल’मध्ये भिंतीची ओल आहे, पेरणीपुरती जमिनीची ओल आहे, मायेचा ओलावा आहे; सच्छिद्रतेला इतका जवळचा शब्द दुसरा नाही.

पण त्याच मागच्या बाकावरून हरकत आली. ओले आणि वीज हे दोन शब्द आमच्या गल्लीत शेजारी आले, की एकच बातमी असते, असे तिने सांगितले: कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेत वीज उतरली आणि धक्क्याने बाई गेली. दर पावसाळ्यात ही बातमी कुठल्या ना कुठल्या जिल्ह्याच्या पानावर असते, आम्हीही ती वाचून पान उलटलेले आहे. ओल्या हाताने बटण दाबू नये हा घरोघरीचा पहिला धडा. ‘ओल्या कपड्यांतून वीज’ असे शीर्षक वाचून एखादी आई अंगणाकडे धावत सुटली, तर तिला अडाणी म्हणता येणार नाही.

यावर बराच वेळ गेला. दाब अगदी थोडा असतो, धोका नसतो, असा खुलासा पहिल्या वाक्यात द्यावा असे काहींचे मत पडले. शीर्षकातला घोटाळा खुलाशाने निस्तरू नये, असे इतरांचे. अखेर तासाची घंटा व्हायच्या आत त्यांनी ‘वीज’ हा शब्दच वरून काढून टाकला आणि फळ्यावर लिहिले, ‘वाळत्या कपड्यांवर तासभर दिवा’.